लुआकबोरचा वाडगा

हेमांगी गवसानेच्या ऑफिसात एक वाडगा होता. कधी तो तिच्या टेबलावर असे, कधी न्यावालच्या चुलीपाशी. भोपळा कोरून केलेला, कडेला तडा गेलेला आणि तो तडा दोऱ्यानं शिवलेला. सुरुवातीची एक चूक सोडली, तर एकीकडून दुसरीकडे जाताना तो रिकामा असलेला मात्र कुणी पाहिला नव्हता.

ऑफिस म्हणजे तरी काय, पत्र्याचा एक कंटेनर. दक्षिण सुदानच्या दलदलीत लुआकबोर नावाचं हे बेट होतं. मुळात ते बेट नव्हतंच, गुराढोरांचं चांगलं नांदतं गाव होतं. पण काही वर्षांपूर्वी नदीचं पाणी चढलं ते उतरलंच नाही. लोकांनी हातांनी माती थापून भोवती बांध घातला आणि त्या बशीत सहा हजार माणसं राहू लागली. बशीच्या बाहेर पाणी, आत माणसं. शेतं पाण्याखाली गेली, त्यामुळे ज्वारीचं पीठ विमानानं यायचं. ते कुणाला, किती, कधी आणि कसं द्यायचं हे पाहणाऱ्या प्रकल्पाची प्रमुख होती बार्शीची हेमांगी. वय चाळिशीच्या पुढे. बोलायला फटकळ, मनानं हळवी, आणि दुसरी गोष्ट पहिलीनं झाकता येते अशी तिची समजूत होती.

वाडग्याची सुरुवात तापातून झाली. हेमांगीला मलेरियानं आडवं केलं, तेव्हा बांधाजवळ राहणारी न्यावाल त्या वाडग्यात दूध आणि वालवाल घेऊन आली. वालवाल म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या वाफवलेल्या बारीक गोळ्या. पहिला घास तोंडात गेला, घरच्या ज्वारीची चव लागली आणि हेमांगी चक्क रडली. खरं तर ज्वारी मूळची त्याच मुलखातली. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. पण हे बार्शीत कुणाला सांगून बघा!

न्यावाल पन्नाशीची विधवा. ताडमाड उंच, आणि हसली की पलीकडच्या झोपडीतली कोंबडी उडायची. तिचा थोरला मुलगा तुत कामासाठी राजधानीत होता. घरात सून आणि तीन नातवंडं. तिथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत, म्हणून सगळे तिला 'मान तुत' म्हणत. तुतची आई.

ताप उतरल्यावर हेमांगीनं वाडगा घासूनपुसून परत पाठवला आणि संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. आई बार्शीत एकटी राहायची. लेक परत यावी म्हणून दर महिन्याला एकदा रुसायची आणि बाकीचे दिवस तिच्या मुलखाची चौकशी करायची.

"आन् वाडग्यात काय घालून दिलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही. धुऊन दिला."

आई म्हणाली, "शेजारणीचं भांडं रिकामं दिलंस? हेच शिकवलं व्हय तुला? चार दाणे साखरेचे तरी घालायचेस गं. तिथंपण आमची अब्रू घालवलीस."

दुसऱ्या दिवशी हेमांगीनं वाडगा परत मागून आणला, तो साखरेनं भरला आणि न्यावालला नेऊन दिला. न्यावालनं साखर पाहिली, हेमांगीकडे पाहिलं आणि हसली. तीन दिवसांनी वाडगा वालवालनं भरून परत आला. मग त्यातून मेसमधला खजूर गेला. मग वालवाल. मग बार्शीहून आलेली शेंगाची चटणी गेली. ती न्यावालनं माशावर चोळली आणि सगळ्या आळीला चाखवली. मग पुन्हा वालवाल. दोघींपैकी कुणालाच थांबता येईना. हार कुणी मानायची हाच प्रश्न होता.

* * *

'नाक' नावाचं यंत्र आलं ते हेमांगीच्याच मागणीवरून.

दोन पावसाळ्यांपूर्वी धान्य नदीनं यायचं, तेव्हा भरलेली एक अख्खी नाव बंदूकवाल्यांनी पळवली आणि पलीकडच्या बाजारात विकली. त्या मोसमात बांधाच्या उतारावर लहान लहान थडगी उठली. हेमांगी आजही त्या बाजूनं जाताना मान खाली घालून जायची. आपण पाठवलेला दाणा कुणाच्या पोटात जातो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

नाकामागचं विज्ञान तसं सोपं होतं. लसूण खाल्लेल्या माणसाच्या शेजारी बसलं की कळतं ना? लसणातला एक पदार्थ पोटातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. दात कितीही घासा, फुप्फुसं काही घासता येत नाहीत. शास्त्रज्ञांनी तसेच काही डझन पदार्थ तयार केले. निरुपद्रवी, बिनवासाचे, म्हणजे माणसाच्या नाकाला बिनवासाचे. चुलीवरही ते टिकतात आणि शरीरातल्या चरबीत मुरून महिनाभर हळूहळू श्वासातून झिरपत राहतात. पोतं घराला देताना त्यातल्या चार-पाच पदार्थांचा फवारा पिठात मिसळायचा, प्रत्येक घराला वेगळं मिश्रण. महिन्यानंतर माणसानं एका नळीत फुंकर मारली की यंत्र सांगणार, या पोटात कुठल्या घरचं पीठ गेलं आणि साधारण किती.

पैसा देणाऱ्या निधीनं यंत्राबरोबर दोन अटी घातल्या. घराच्या पिठातला दहावा हिस्सा जरी घराबाहेरच्या पोटात सापडला, तर ते घर पुढच्या वाटपातून बाद. आणि तेच पीठ एखाद्या कर्मचाऱ्याच्या श्वासात सापडलं, तर तो कर्मचारी बाद. ही दुसरी अट हेमांगीनं स्वतः सुचवली होती. गोदामात हात मारणाऱ्यांची तिला चीड होती. अट लिहिताना टेबलावर वाडगा होता आणि त्यातलं वालवाल ती चमच्यानं खात होती. पण तो विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. वाडगा शेजारधर्मात मोडत होता, प्रकल्पात नाही.

* * *

पहिला महिना संपला तेव्हा सगळ्या लुआकबोरनं आणि पलीकडच्या बाजारातल्या लोकांनीही फुंकर मारली. पोरांना तो खेळच झाला. न्यावालनं एवढ्या जोरात फुंकलं की नळी हातातून उडाली. हेमांगीनं आणि तिच्या माणसांनीही नियमाप्रमाणे फुंकलं.

दुपारी ती कोआंगबरोबर निकाल पाहायला बसली. कोआंग तिचा दुय्यम, लुआकबोरचाच, एके काळचा शाळामास्तर. पडद्यावर प्रत्येक घराचा एक ठिपका होता आणि एका घरचं पीठ दुसऱ्याच्या पोटात गेलं की दोघांमध्ये रेघ.

"पलीकडे एकही रेघ नाही," हेमांगी म्हणाली आणि तिनं टेबलावर हात आपटला. "कोआंग, एक पोतं बाहेर गेलं नाही! एकसुद्धा!"

"नाही गेलं, बॉस," कोआंग म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "पण आतल्या रेघा बघा."

आत रेघाच रेघा होत्या. मांजरानं लोकरीचा गुंडा उलगडावा तसा पडदा झाला होता. या घरचं पीठ त्या घरी, त्या घरचं तिसऱ्या घरी. निम्म्याहून अधिक लुआकबोर दहाव्या हिश्श्याची मर्यादा ओलांडून बसलं होतं. सगळ्यात दाट गुंता न्यावालच्या ठिपक्याभोवती होता. तिचं पीठ घराबाहेरच्या अकरा पोटांत गेलं होतं. त्यातली सर्वांत जाड रेघ मात्र कुठल्याच घराकडे जात नव्हती. ती येऊन थांबली होती ऑफिसच्या कंटेनरवर.

हेमांगीनं रेघेवर बोट ठेवलं. पडद्यावर नाव उमटलं. तिचंच.

कोआंग खोकला. "नळ्या फुटतात, बॉस. ही तुमची नळी फुटली, असं मी लिहू शकतो. संध्याकाळी निकाल नैरोबीला जायचाय. तोवर वेळ आहे."

हेमांगीनं न्यावालच्या घरचे वजनाचे आकडे उघडले. नातवंडं ठीक होती. न्यावालचं वजन मात्र दोन किलोनं उतरलं होतं. थडग्यांजवळून जाताना मान खाली घालणारी ही बाई महिनाभर एका विधवेच्या ताटातलं खात होती, तेही चमचा चाटूनपुसून. आपली आपल्यालाच एवढी शरम तिला कधी वाटली नव्हती.

"लिहू का मग?" कोआंगनं विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली आणि उठून बाहेर पडली.

* * *

न्यावाल अंगणात मासे साफ करत बसली होती. शेजारच्या दोन पोरी कमळाच्या बिया सुपात पाखडत होत्या.

"मान तुत," हेमांगी उभ्या उभ्याच म्हणाली, "तू स्वतः उपाशी राहून मला का खायला घातलंस?"

न्यावालनं वर पाहिलं. "बस आधी. उभ्यानं भांडायला आलेला माणूस लवकर दमतो."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मग मी पण नाही करत. तू थांबतच नव्हतीस! दर वेळी वाडगा भरून पाठवायचीस. मी म्हटलं, भारताची माणसं भलतीच मानी दिसतात. मग मी रिकामा पाठवू? माझं नाव काय राहील?"

हेमांगी मटकन खाली बसली. "आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. म्हणून मी भरत होते."

न्यावालच्या हातातला मासा तसाच राहिला. मग ती अशी हसली की पलीकडची कोंबडी उडालीच. "म्हणजे तुमच्याकडेही तीच रीत? अगं, मग आपण दोघी मरेपर्यंत थांबलो नसतो!"

हेमांगीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. "पण तू वाळलीस. तुझं वजन मी पाहिलंय."

"कधीमधी माझ्या भांड्यात कमी घातलं, खरं आहे," न्यावाल शांतपणे म्हणाली. "पण मी पीठ देते ते तू बघितलंस. हे मासे कुणाचे? पलीकडच्या घरचे. नातवंडांना दूध कुठून येतं? माझ्याकडे गाय आहे? या पोरी बिया घेऊन येतात आणि माझ्याकडे जेवतात. ज्याच्याकडे आज आहे त्यानं आज द्यायचं. उद्या बांध कुणाच्या दारात फुटेल ते तुझ्या यंत्राला माहीत आहे का? माझ्या दारात फुटला तर माती घेऊन कोण धावेल? माझ्या घरी जेवलेलाच ना!"

हेमांगीनं सुपातल्या बियांकडे पाहिलं, टोपलीतल्या माशांकडे पाहिलं. यातल्या कशावरच फवारा नव्हता. नाकाला फक्त आपल्याच पिठाचा वास येत होता. पीठ घराबाहेर जाताना दिसत होतं. त्याच्या बदल्यात घरात येणारं काहीच दिसत नव्हतं.

ती ऑफिसात परतली आणि कोआंगला म्हणाली, "सगळ्या नळ्यांचे निकाल पाठव. माझ्यासकट."

"बॉस, नोकरी जाईल."

"माझी नळी फुटली म्हणायचं आणि लोकांच्या नळ्या खऱ्या म्हणायच्या, असं कसं चालेल? त्यांचं म्हणणं मांडायला मला तोंड तरी राहील का?"

* * *

नैरोबीत निधीचं काम पाहणारी मुथोनी ही शिस्तीची पण सरळ मनाची बाई. तिनं पडद्यावर सगळं ऐकून घेतलं.

"हेमांगी, मी तुला ओळखते म्हणून मध्येच तोडलं नाही," ती म्हणाली. "पण निम्मं गाव बाद होतंय. पावसापूर्वीचं शेवटचं वाटप पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर पावसात तिथं धान्याचं जड विमान उतरणार नाही. मी निधीला काय सांगू? गोष्ट चांगली आहे म्हणून?"

"गोष्ट सांगू नकोस. महिनाभर मला फवारे वापरू दे. पिठावरच नाही, सगळ्यावर. मासे, दूध, बिया, आमच्या मेसची साखर. जे जे या घरातून त्या घरात जातं, त्या सगळ्यावर. मग पुन्हा फुंकर मारू. मी चुकले असेन तर तुझी यादी तशीच लाव."

मुथोनीनं पेन खाली ठेवलं. "ठीक. एक महिना. तोवर या महिन्याचं पीठ सगळ्यांना मिळेल. पण तुझ्याबद्दल मला काही करता येणार नाही. ती अट तूच लिहिली आहेस. आजपासून कारभार कोआंगकडे. महिना संपला की तू घरी जा."

"जाते," हेमांगी म्हणाली. करावं तसं भरावं, हे आईचं आवडतं वाक्य तिला आठवलं आणि आईवर उगीचच राग आला.

* * *

त्यानंतरचा महिना विचित्र गेला. कोआंगची माणसं फवारे घेऊन दारोदार हिंडत होती. एका म्हाताऱ्यानं आपल्या गाईला फवारा मारायला साफ नकार दिला. शेवटी त्याच्या दुधाच्या भोपळ्यावर मारला. माशांवर फवारा मारताना पोरं नाचायची.

पण त्याच्या जोडीला दुसरंही घडत होतं. वाटून खाल्लं तर नाव कापणार, ही बातमी लुआकबोरभर झाली होती. काही घरांनी दार लावून जेवायला सुरुवात केली. तिथं आजवर दार लावून कुणी जेवलं नव्हतं. कित्येक झोपड्यांना दारच नव्हतं, त्यांनी गोणपाट लावलं. न्यावालच्या अंगणात जेवणाच्या वेळी येणारी माणसं अर्ध्यावर आली. आणि वाडगा न्यावालकडेच होता. हेमांगीनं शेवटचा साखरेनं भरून दिला होता, आणि काहीही झालं तरी परत पाठवू नकोस म्हणून हात जोडून बजावलं होतं. साखर संपली, तरी न्यावालनं तो उपडा घातला नाही. पुन्हा भरायचा असल्यासारखा चुलीपाशी उताणाच ठेवला होता.

महिन्याच्या मध्यावर एका दुपारी वारा सुटला आणि पूर्वेकडून बांध फुटला. बरोबर न्यावालच्या झोपडीमागे. हेमांगी धावली. आता ती कुणाची प्रमुख नव्हती, म्हणून कुणी तिला विचारलं नाही, फक्त हातात मातीचा गोळा दिला. ती साखळीत उभी राहिली. तिच्या एका बाजूला न्यावालच्या अंगणात बिया पाखडणाऱ्या पोरी होत्या, दुसऱ्या बाजूला मासेवाला. गोणपाट लावून जेवणारेही आले, पण ते साखळीच्या टोकाला उभे राहिले आणि खाली मान घालून माती देत राहिले. संध्याकाळपर्यंत भगदाड बुजलं. न्यावालची झोपडी कमरेएवढी भिजली होती.

अंगणात चिखलात बसून न्यावालनं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि गोणपाटवाल्यांकडे बोट करून म्हणाली, "ए, या की इकडे. भुकेल्या पोटी लाजायचं नसतं." उरलेलं पीठ तिनं त्या संध्याकाळी सगळं शिजवलं. कोआंगनं कपाळाला हात लावला, पण ताट मात्र पुढे केलं.

* * *

दुसऱ्या वेळी फुंकर मारताना कुणी हसलं नाही.

पडदा उजळला तेव्हा मुथोनीही नैरोबीहून पाहत होती. रेघा पहिल्याहून कितीतरी जास्त होत्या. पण आता प्रत्येक जाणाऱ्या रेघेच्या शेजारी एक येणारी रेघ होती. न्यावालनं सोळा घरांना दिलं होतं आणि तिच्याकडे एकोणीस घरांतून आलं होतं. पीठ जात होतं, दूध येत होतं. बिया जात होत्या, मासे येत होते. कोआंगनं त्यावर पोरांच्या वजनाचे आकडे चढवले. ज्या घरांभोवती रेघांचा गुंता होता, तिथं माणूस आजारी पडलं तरी पोरांची वजनं ढळली नव्हती. दार लावून जेवणाऱ्या घरांत पीठ पुरेसं होतं, पण घरची बाई चार दिवस तापानं झोपली की पोरं लगेच उतरली होती.

मुथोनी चष्मा काढून बसली. "आपण चोर पकडायला नाक केलं," ती हळूच म्हणाली, "आणि नाकानं शेजारी पकडले."

"मग?" हेमांगीनं विचारलं.

"मग कसली यादी! घरामागे पोतं देणं बंद. अशा गुंत्यामागे द्यायचं. आपसात वाटायचं ते वाटतील, आपण बाहेर काही जात नाही एवढं पाहू. निधीला मी समजावते. शेवटचं वाटप होईल, सगळ्यांना होईल." ती थांबली. "तुझं मात्र..."

"माझं तिकीट काढलंय," हेमांगी म्हणाली. आणि कोआंगच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. नोकरी गेल्याचं ते रडू नव्हतं. सहा हजार माणसांचा पावसाळा तिच्या छातीवरून उतरला होता.

* * *

निघायच्या दिवशी धावपट्टीवर न्यावाल आली. हातात वाडगा, वर कापड बांधलेलं. आत महिन्याच्या सुरुवातीलाच करून वाळवलेलं वालवाल होतं, महिनोन्‌महिने टिकणारं.

"मान तुत, मला हे घेता येत नाही."

"तू अजून नोकरीत आहेस?"

"नाही."

"मग कुठला नियम?" न्यावालनं वाडगा तिच्या हातात कोंबला. "तुझ्या आईला दे. तिची चटणी खाल्ली आम्ही."

विमान उडालं, तेव्हा खाली बांधाची ती बशी दिसेनाशी होईपर्यंत हेमांगीनं वाडगा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

बार्शीत आईचा आनंद घरात मावेना. तिनं वालवाल दुधात भिजवलं, वर गूळ किसून घातला आणि खाऊन म्हणाली, "आपलीच की गं ही ज्वारी!" हेमांगीनं तिला मूळ कुणाचं ते सांगायचा विचार केला आणि सोडून दिला. आईचे गुडघे धरले होते. जिना उतरताना ती कठडा धरून थांबायची आणि थांबलो नाही असं दाखवायची. हेमांगी हे सगळं बघत होती.

दोन आठवड्यांनी नोकरी सोडणाऱ्यांसाठीची शेवटची नळी आली. सोबत एक जास्तीची होती.

"मी फुंकू का?" आईनं विचारलं.

"तुझा काय संबंध, आई?"

"तुझं यंत्र आहे ते. बघू दे की मला, काय सांगतंय." आणि तिनं फुंकर मारलीसुद्धा. दोन्ही नळ्या पुण्याच्या प्रयोगशाळेत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात मुथोनीचा फोन आला. आवाज कडक होता, पण खालून हसू फुटत होतं. "हेमांगी, लुआकबोरच्या नकाशात एक नवी रेघ आलीय. न्यावालच्या घरचं पीठ बार्शी नावाच्या गावात एका अनोळखी पोटात सापडलंय. चोरी म्हणून नोंदवू का?"

हेमांगी खळखळून हसली. मुथोनी पुढे म्हणाली, "आणि मागच्या फोनवर मी विचारलं होतं त्याचं काय? आता अटी बदलल्यात. कोआंगला एकट्याला झेपत नाही. अशी गुंत्यांची वाटपं इतर छावण्यांतही करायचीत. परत येतेस का?"

"सांगितलं ना, आई एकटी आहे," हेमांगी हळू आवाजात म्हणाली. "गुडघेही धरलेत. नाही जमायचं."

तिनं फोन ठेवला. मागं वळली तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, पण लेकीचा पडलेला आवाज समजायला इंग्रजी कशाला लागतं?

"बोलावतायत व्हय परत?"

"नाही गं. असंच."

आई आत गेली. थोड्या वेळानं कढईत शेंगा भाजल्याचा वास आला. हेमांगी आत गेली तेव्हा आई स्टुलावर बसून, गुडघ्याला हात लावत, शेंगदाणे परतत होती. ओट्यावर लसूण सोललेला होता. त्याच्या शेजारी न्यावालचा वाडगा, धुऊन, पुसून, उताणा.

"एवढी चटणी कशाला करतेस, आई?"

"त्यात भरायला."

"मी कुरियरनं पाठवते."

आईनं झारा खाली ठेवला. तिचे डोळे पाणावले होते, पण आवाज नेहमीचा होता. "शेजारणीचं भांडं कुरियरनं पाठवतात व्हय कुठं? हातानं न्यायचं असतंय. वरच्या मजल्यावरची पोरगी येती रोज माझ्याकडं जेवायला, तिला गरम भाकरी लागती. जिन्यात हात द्यायला ती आहे मला. तू माझ्या गुडघ्यांची काळजी नको करूस."

हेमांगी तिच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईनं शेंगांच्या वासाचा हात तिच्या केसांवरून फिरवला.

"विमान कधीचं मिळतंय ते बघ," ती म्हणाली, "चटणी ताजी हाय तवर."